हेयडूकांच्या टबातला पाऊस

व्राटिस्लाव हेयडूक यांच्या घरी गेलात की बूट दाराबाहेर काढायचे, कोट खुंटीला अडकवायचा आणि आवाज खाली आणायचा. घरात कुणी आजारी नसतं, लहान मूल झोपलेलं नसतं. बैठकीच्या खोलीत मासे असतात आणि हेयडूकांच्या मते ते विचारात असतात.

"हळू," ते ओठांवर बोट ठेवून सांगतात. "आज त्यांना जरा बरं वाटतंय."

काल काय वाईट वाटत होतं, हे विचारायचं नाही. विचारलंत तर ते सांगतात.

मी त्यांच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहतो. चेक देशातल्या ओलोमोउत्स गावच्या आमच्या या सिमेंटच्या इमारतींच्या भिंती इतक्या पातळ आहेत, की वर माशाने जांभई दिली तर खाली आपल्याला झोप येते. हेयडूकांनी टाकीतलं पाणी बदललं की मला माझ्या छताकडे पाहून कळतं. तिथे एक पिवळा डाग आहे. आधी तो बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, आता त्याला उपनद्या फुटल्या आहेत. दर वसंतात हेयडूक स्वतः रंगाचा डबा घेऊन येतात, शिडीवर चढतात, ब्रश वर नेतात आणि थांबतात.

"काय सुंदर झालाय हो," ते म्हणतात. "अगदी पूर आलेल्या अ‍ॅमेझॉनसारखा. पुसायला जीव होत नाही."

आणि जड अंतःकरणाने ते अ‍ॅमेझॉन पुसतात. मला नेहमी वाटतं की आपण एखाद्या दुःखी माणसाकडून जबरदस्तीने काम करून घेतोय.

निवृत्त होईपर्यंत हेयडूकांनी लिफ्ट तपासल्या. आमच्या लिफ्टमधली 'चार माणसं' ही पाटी त्यांनीच ठोकलेली आहे. गावाबाहेर त्यांची एक बाग आणि बागेत लाकडी खोली आहे. तिच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून ते पावसाचं पाणी धरतात, कारण नळाच्या पाण्यात चुना फार आणि त्यांच्या माशांना चुना सोसत नाही. ते पाणी कॅनमधून लिफ्टपाशी आणलं की हेयडूक दारात उभे राहून तोंडातल्या तोंडात हिशेब करतात.

"पाणी म्हणजे तीन माणसं, चौथा मी. माफ करा शेजारी, तुम्ही जिन्यानं या."

मी जिन्याने येतो. पाणी लिफ्टने येतं.

आमच्या गावात मासे पाळणाऱ्यांची कमी नाही. तळघरं, पोटमाळे, एरवी कोबी आणि बटाटे ठेवायच्या कोठ्या, जिथे बघाल तिथे काचेच्या टाक्या आणि हवेचे पंप. पण पाळणं वेगळं आणि पैदास करणं वेगळं. मासे विकत आणून पाळणं कुणालाही जमतं. ज्याच्या टाकीत माशांनी अंडी घातली आणि पिल्लं जगली, तोच खरा. 'हिरवा बेडूक' नावाच्या बिअरच्या दुकानात मागच्या खोलीत मासेवाल्यांच्या मंडळाची बैठक भरते. तिथे पैदास करणारे शेगडीजवळच्या टेबलाशी बसतात आणि नुसते पाळणारे दाराजवळच्या टेबलाशी. असा काही नियम नाही. फक्त चुकून कुणी शेगडीजवळ बसला, तर सगळे बोलायचे थांबतात.

हेयडूक मंडळात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. ते केस दाराजवळच्या टेबलाशीच गळले. त्यांच्यानंतर आलेली माणसं एकेक करून शेगडीकडे सरकली. हेयडूक आपले दाराशी, दर खेपेला दार उघडलं की मानेवर गार वारा घेत. त्यांच्याकडे गप्पी माशांची पिल्लं होत असत, पण मंडळाचे अध्यक्ष इंजिनियर ओट्मार क्लिमेश यांनी ती मोजायला साफ नकार दिला होता.

"गप्पी?" ते म्हणाले होते. "गप्पी माझ्या टोपीत ठेवले तरी वितात. त्यात तुमचं काय कर्तृत्व?"

क्लिमेशसाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. अशा माणसाला प्रत्येक गोष्टीची पद्धत असते आणि पद्धतीला कारण असतं. दर बैठकीला हेयडूकांना ते एकच प्रश्न विचारत.

"काय हेयडूक, तुमचे ते चिलखती मासे अजून ब्रह्मचारीच का?"

चिलखती म्हणजे बोटाच्या पेराएवढे, मिशा असलेले, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारख्या पट्ट्या असलेले मासे. दिवसभर वाळूत नाक खुपसून हिंडतात. चेहरा असा, की जणू चष्मा हरवलाय. हेयडूकांच्या मोठ्या टाकीत यांची एक टोळी होती. खाऊन पिऊन सुखी. एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारी.

ही मोठी टाकी बैठकीच्या खोलीत जिथे आहे, तिथे पूर्वी ब्लाझेनाबाईंच्या आईचं काचेचं कपाट होतं. ब्लाझेनाबाई म्हणजे हेयडूकांच्या पत्नी, सौ. हेयडुकोव्हा. त्यांनी सगळं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे काढलं, त्यामुळे समोरच्याचं बोलणं संपायच्या आत खिडकी बंद करण्याची त्यांना सवय आहे. फक्त या कपाटाच्या बाबतीत त्या एकदा गाफील राहिल्या. टाकी आली तेव्हा हेयडूक म्हणाले, "तात्पुरतं हलवू या, ब्लाझेन्का." कपाट तात्पुरतं ब्लाझेनाबाईंच्या बहिणीच्या, क्वेताच्या गावी गॅरेजमध्ये गेलं आणि तिथेच तात्पुरतं म्हातारं होऊ लागलं.

त्या वर्षीच्या शरदात ब्लाझेनाबाई बहिणीकडे जाऊन आल्या. आल्या त्या कोट न काढता टाकीसमोर उभ्या राहिल्या. मी रंगाचा डबा परत द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"माझ्या आईच्या कपाटात कोंबडी अंडी घालतेय," त्या म्हणाल्या. "खणात. जिथं आई चांदीचे चमचे ठेवायची. क्वेता म्हणते, रोज एक घालते, अगदी वेळेवर."

"हळू बोल, ब्लाझेन्का, ते—"

"ते काय? ते काय करतात रे? गॅरेजमधली कोंबडी माझ्या आईच्या कपाटात अंडी घालू शकते, आणि या महालात राहणाऱ्या तुझ्या या मिशाळ म्हाताऱ्यांना एक अंडं घालता येत नाही?"

हेयडूक माशांकडे बघू लागले, जणू उत्तर त्यांनीच द्यावं.

"मग ऐक, व्राट्या. हे शेजारी साक्षीला आहेत. नाताळच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसायच्या आत यांनी अंडी घातली, तर टाकी इथंच राहील आणि मी मरेपर्यंत कपाटाचं नाव काढणार नाही. नाही घातली, तर टाकी जाईल आणि कपाट येईल. खिडकी बंद."

पहिली चांदणी दिसल्यावर आम्ही नाताळच्या जेवणाला बसतो. तोवर दिवसभर उपास. तेव्हा मुदत पक्की होती. हेयडूकांनी त्या दिवसापासून जे केलं, ते एखाद्या राजघराण्यात वारस व्हावा म्हणून करतात तसं होतं.

आधी खुराक. जिवंत अळ्यांचं डबडं फ्रिजमध्ये आलं आणि आमच्या भागातल्या त्या प्रसिद्ध चीजच्या शेजारी बसलं, ज्याचा वास आपल्या आधी जिना चढतो. फ्रिज उघडला की नक्की कुठलं डबडं नासलंय हे कळेना, म्हणून ब्लाझेनाबाई दोन्ही नाकाला न लावता लांबून नुसतं बघूनच ओळखू लागल्या. मग पाणी. हेयडूकांनी ओढ्याकाठच्या झाडांची वाळकी बोंडं गोळा करून ती सूपच्या पातेल्यात उकळली. त्याने पाणी चहासारखं तांबूस आणि मऊ होतं म्हणे. ब्लाझेनाबाईंनी चुकून त्यात शेवया सोडल्या. हेयडूकांनी वाटीभर सूप शांतपणे संपवलं आणि म्हणाले, "छान मऊ झालंय."

मग शांतता. टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या, कारण निवडणुकीच्या बातम्यांनी मासे खचतात. टाकीला पडदा आला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऊब. क्लिमेशसाहेबांचं मत होतं की ऊब कायम हवी, एका अंशाचाही फरक नको. हेयडूकांनी टाकीला तीन थर्मामीटर लावले. तिघांचं एकमत झालं नाही की ते हवालदिल होत.

पण मासे वाळूत नाक खुपसून चष्मा शोधत राहिले.

शेवटचा उपाय म्हणून हेयडूकांनी बागेतलं उरलंसुरलं पावसाचं पाणी आणून बाथटब काठोकाठ भरला. पाणी म्हणे मुरावं लागतं. त्यामुळे नवरा-बायकोची आंघोळ बंद झाली. हेयडूक पोहण्याच्या तलावावर जाऊन न पोहता परत येऊ लागले. ब्लाझेनाबाईंनी वयस्क स्त्रियांच्या जलव्यायामाला नाव घातलं.

"व्यायाम कसा चाललाय?" मी जिन्यात विचारलं.

"व्यायाम कसला! शॉवरखाली उभी राहते आणि घरी येते. पण शिकवणारी बाई कौतुक करते, म्हणते हेयडुकोव्हा एकही दिवस चुकवत नाही."

डिसेंबर सरत आला. चौकात कार्प माशांची मोठमोठी पिंपं लागली, रबरी एप्रन घातलेले लोक जाळ्याने मासे उचलून तराजूत टाकू लागले. नाताळच्या जेवणाला आमच्याकडे कार्प लागतोच: डोक्याचं सूप, अंगाचे तळलेले तुकडे, सोबत बटाट्याचं सॅलड. हल्लीचे लोक तो तिथेच मारून, कापून, पिशवीत घालून आणतात. ब्लाझेनाबाईंच्या घराण्यात मात्र कार्प जिवंत येतो आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत टबात राहतो. नंतर त्याला मारायचं काम घरच्या पुरुषाचं. हेयडूकांना ते कधी झेपलं नाही, म्हणून दर वर्षी लाकडी हातोडा घेऊन मी वर जातो आणि ते जिन्यात कानात बोटं घालून उभे राहतात. जेवताना मात्र ते दुसऱ्यांदा वाढून घेतात.

मुदतीला एक दिवस उरला असताना दुपारी माझी बेल वाजली. दारात ब्लाझेनाबाई, आणि त्यांच्या हातातल्या जाळीच्या पिशवीत शेपूट आपटणारा एक धिप्पाड कार्प.

"अहो शेजारी, चला वर. एक हात हवाय."

"आजच मारायचा?"

"मारायचा नाही हो, ठेवायचाय. टब भरलेला आहे. त्यात हा पैलवान सोडला तर निम्मं पाणी तुमच्या छतावर."

हा मुद्दा मला लगेच पटला. हेयडूक मंडळाच्या नाताळच्या बैठकीला गेले होते. मी कार्प धरून न्हाणीघरात उभा राहिलो आणि ब्लाझेनाबाई टबाकडे बघत विचार करू लागल्या.

"काढून टाका ना थोडं," मी म्हणालो. कार्पने माझ्या पोटात शेपूट मारलं.

"टाकून? वेडे का? हे पाणी त्यानं थेंबाथेंबानं साठवलंय. हे मोरीत ओतलं तर तो मला सोडून जाईल. आणि जाताना मासे इथंच ठेवून जाईल."

"मग?"

"मग काय, ज्यांच्यासाठी आणलंय त्यांना घालू. नाहीतरी घालायचंच होतं."

त्यांनी मोठ्या टाकीतलं भरपूर पाणी नळीने बादल्यांत काढलं. काही खिडकीतल्या रबराच्या झाडाला दिलं, काही संडासात ओतलं. मग टबातल्या बादल्या टाकीत रिचवायला सुरुवात केली. कार्पला मी न्हाणीघराच्या सिंकमध्ये कोंबला होता आणि आता बादल्या धरत होतो. न्हाणीघराची छोटी खिडकी हिवाळाभर उघडी असते. बादलीत बोट बुडवलं तर नख निळं पडलं.

"बाई, फार गार आहे हो. थोडं कोमट करून घालू या का?"

"आमची आई आम्हाला विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घालायची, जानेवारीत. काय झालं? दोघी बहिणी बघा कशा आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बादल्या संपल्या, टाकी पुन्हा भरली, कार्प टबात गेला आणि एक फेरी मारून त्याने मान्य केलं की जागा बरी आहे.

हेयडूक बैठकीहून परतले तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात नाताळच्या बिस्किटांतली तुटकी तुटकी वेचून खात होतो. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की आजही प्रश्न विचारला गेला होता. ते सवयीने टाकीपाशी गेले. पहिल्या थर्मामीटरला टिचकी मारली. मग दुसऱ्याला. तिसऱ्याकडे बघितलं आणि खुर्ची न बघताच खाली बसले.

"ब्लाझेना." नुसतं ब्लाझेना. लाडाचं 'न्का' कुठे गेलं कोण जाणे. "एकोणीस. हे एकोणीस अंश दाखवतायत. तिन्ही."

"चला, एकदा तरी तिघांचं पटलं," बाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "तुझंच पाणी आहे. वाया जाऊ नये म्हणून घातलं."

"मारलंस तू त्यांना!"

आम्ही टाकीपाशी धावलो. खरोखरच आत हाहाकार माजला होता. वर्षानुवर्षं वाळूत निवांत हिंडणारी ती मंडळी वर-खाली सुसाट पळत होती. काचेवर आपटत होती. दोन-दोन, तीन-तीन मिळून एकीच्या मागे लागत होते. एकाने तर जाऊन तिचं तोंडच अंगाशी दाबून धरलं आणि दोघंही थरथर कापत बुडाशी पडली.

"बघ, बघ!" हेयडूक काचेवर बोट ठेवून म्हणाले. "श्वास मिळत नाही त्यांना. एकमेकांना धरून मरतायत!"

मलाही तसंच वाटलं. एक जन्मभर मासे पाळणारा आणि एक जन्मभर मासे खाणारा, दोघंही काचेला नाक लावून उभे; आणि आत लग्न चाललंय की मयत, हे दोघांनाही कळेना. हेयडूकांना लग्न ओळखू येणार कसं? त्यांनी ते आजवर पाहिलंच नव्हतं.

त्यांनी पलंगावरची घोंगडी आणली आणि टाकीवर घातली. "मला बघवत नाही," म्हणाले. मग फोन उचलला आणि क्वेताच्या नवऱ्याला, लुबोरला, सांगितलं, "उद्या कपाट घेऊन ये. हो, उद्याच. टाकी जातेय." ब्लाझेनाबाई हे ऐकत उभ्या होत्या. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्या कशाला? सणाचा दिवस आहे." हेयडूकांनी घोंगडीची टोकं ओढून नीट केली. मला दारापर्यंत सोडायला बाई आल्या.

"जिंकले हो शेजारी," त्या पुटपुटल्या. "पण असं नको होतं जिंकायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातोडा घेऊन वर निघालो तेव्हा जिन्यात लुबोर भेटला. भेटला म्हणजे त्याचे पाय भेटले. वरचा भाग कपाटामागे होता. सोबत त्याच्या गावचा एक धष्टपुष्ट मित्र. दोघंही उपाशी, त्यामुळे दोघंही चिडलेले.

"लिफ्टनं का नाही आणलं?" मी विचारलं.

"तो म्हणाला, कपाट आणि मी मिळून पाच माणसं होतो!" कपाटामागून आवाज आला. "त्याचं जग बुडालंय आणि हा माणसं मोजतोय!"

कपाट बैठकीच्या खोलीत टेकलं. खणातून दोन पिसं उडाली. लुबोरने पाठ चोळली, घाम पुसला आणि घोंगडी खसकन ओढली.

"आता ही उचलायची ना? कुठंय नळी, पाणी काढा." मग तो वाकला आणि तोंड वाकडं केलं. "काय रे व्राट्या, देऊन टाकायची तर निदान धुवायचीस तरी. काच किती घाण आहे बघ." त्याने बाहीने काच पुसली. पुन्हा पुसली. "जात नाही. अरे, ही घाण आतून आहे."

हेयडूक पाठ फिरवून खिडकीशी उभे होते. 'आतून' ऐकल्यावर ते हळूच वळले. जवळ आले. मग गुडघ्यावर बसले. त्या काचेवर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. पंपाच्या नळीवर, झाडांच्या पानांवर, एवढंच काय, तिन्ही थर्मामीटरवर. आणि खाली वाळूत चिलखती मंडळी नेहमीच्या चेहऱ्याने चष्मा शोधत होती, जणू आपला याच्याशी संबंध नाही.

"लुबोर," हेयडूक अत्यंत हळू आवाजात म्हणाले, "बाही काढ तिथून."

ब्लाझेनाबाई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन आल्या, काचेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तो माणूस रडत होता आणि हसत होता आणि दोन्ही नीट जमत नव्हतं. बाई सरळ खिडकीपाशी गेल्या, पडदा सारला आणि आभाळाकडे बघितलं.

"अजून उजेड आहे," त्यांनी पोस्टातल्या आवाजात जाहीर केलं. "मुदतीत आहे. टाकी राहील."

"आणि हे?" लुबोरने कपाटाकडे बोट दाखवलं. "परत न्यायचं म्हणत असाल, तर मी आत्ता इथं आडवा होतो. मला उचलून न्या. मी दीड माणूस आहे."

पण हेयडूक ऐकत नव्हते. त्यांना एकदम आठवलं होतं की आईबापच अंडी खातात. अंडी ताबडतोब वेगळ्या टाकीत हलवायला हवीत. टाकी होती, पाणी? पावसाचं गार पाणी उरलं होतं फक्त टबात. टबात कार्प होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातोड्याकडे पाहिलं.

त्या दिवशी त्या घरात जितकं माशांचं कौतुक झालं तितकं कुठल्याच घरात झालं नसेल. आणि त्या कौतुकापायी कार्पला मात्र ठरल्या वेळेच्या जरा आधीच जावं लागलं. हेयडूक त्या वेळी जिन्यात गेले नाहीत. कानात बोटं घालायलाही ते विसरले. ते काचेवरून एकेक अंडं बोटाने सोडवत होते आणि प्रत्येकाला काहीतरी सांगत होते.

इंजिनियर क्लिमेशना फोन गेला. सणाचा दिवस, उपाशी पोट, पण ते घरातल्या सपाता घालूनच बर्फातून आले. हातात भिंग होतं. त्यांनी टाकीभोवती फेरी मारली, भिंगातून बघितलं, भिंग पुसून पुन्हा बघितलं. हेयडूक भिंतीला टेकून उभे होते, जणू लग्नाची मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे.

"आहेत," अखेर क्लिमेश म्हणाले. "चिलखतीच आहेत. अभिनंदन, हेयडूक. आता सांगा. पद्धत काय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी त्यांना प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकायला थांबले होते. हेयडूकांनी छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं आता येणार: मुरवलेलं पाणी, बोंडांचा अर्क, खुराक, शांतता. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर झारा घेतलेल्या बायकोवर पडली.

"पाऊस पाडला," ते म्हणाले.

"कुणी?"

"हिनं."

क्लिमेश ब्लाझेनाबाईंकडे वळले. "बाई, किती पाणी? नेमकं प्रमाण सांगा."

बाईंनी खांदे उडवले. "ते कार्प केवढा आहे त्यावर आहे."

मी बोलणार होतो की अहो, कार्पचा काही संबंध नाही, पाणी गार होतं, माशांना पावसाळा आलासा वाटला एवढंच; कार्प तर तेव्हा सिंकमध्ये होता. पण साहेबांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की मध्ये पडणं अवघड होतं. "कार्प!" ते म्हणाले. "अर्थात. त्याच्या अंगावरचा स्राव! याला कारण आहे." आणि ते सपाता आपटत घरी गेले.

पिल्लं झाली. हेयडूक शेगडीजवळच्या टेबलाशी बसले. बैठकीत त्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ब्लाझेनाबाईंनाच उभं केलं, आणि बाईंनी जलव्यायामापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. पुढच्या डिसेंबरात चौकात एक अजब रांग लागली. पुरुषच पुरुष, आणि प्रत्येक जण कार्पवाल्याला म्हणतोय, "फार मोठा नको. मध्यम. पद्धतीसाठी हवाय." घरोघरी टबात कार्प, टबात पाणी, पाणी बादलीने टाकीत. पाणी अर्थातच गार होतं. अनेकांच्या चिलखती माशांनी अंडी घातली आणि कार्पचा सिद्धांत पक्का झाला. कार्प एका विशिष्ट दिशेला तोंड करून असावा की नसावा, यावर सध्या मंडळात दोन गट आहेत. मी एकदा गेलो होतो बैठकीला, पाहुणा म्हणून. म्हटलं, मंडळी, नुसतं गार पाणी घालून बघा की. सगळे बोलायचे थांबले. मग कुणीतरी अतिशय सभ्यपणे मला दाराजवळचं टेबल दाखवलं.

टाकी बैठकीच्या खोलीत आहे. कपाटही आहे, कारण लुबोर ते न्यायला आजतागायत आलेला नाही. सोफा गेला. कपाटावर पिल्लांच्या तीन छोट्या टाक्या आहेत, आणि बाईंच्या आईच्या काचेच्या वाट्यांत पिल्लांच्या खाण्यासाठी अळ्या वाढतात. त्या वाट्या बाईंनी स्वतः काढून दिल्या. कपाटाचं नाव त्या दिलेल्या शब्दाप्रमाणे काढत नाहीत. त्याची गरजही उरलेली नाही. हेयडूकांनी पुन्हा सूपच्या पातेल्याला हात लावला, किंवा टब काठोकाठ भरला, की बाई पदार्थांची यादी सांगतात तशा सहज स्वरात म्हणतात, "व्राट्या, मी म्हणते यंदा कार्प नको. डुकराचे कटलेट करू या."

आणि कार्प नाही तर अंडी नाहीत या धास्तीने, बाईंचं मन राखायला, चारच माणसांच्या लिफ्टमधून हेयडूक केराची बादली घेऊन तातडीने खाली येताना मला दिसतात.